सुंदररावांच्या जीपचा नंबर

चौसाळ्यापासून आत, डोंगराच्या अंगाला मेंढपाळांची एक वस्ती आहे. त्या वस्तीवर कुणाची मेंढी व्याली, कुणाची सून रुसली, कुणाच्या पोराला स्थळ आलं, हे सगळ्यात आधी साखराबाईला कळायचं. कुणाला पैसे काढायचे असले तरी चौसाळ्याला साखराबाईच जायची. बाया तिला बँकवाली म्हणत. म्हणत चेष्टेनं, पण त्यात मानही होता, आणि तो मान साखराबाईला गुळासारखा गोड लागायचा. माणसाला कशाचा तरी अभिमान असावाच लागतो. नवरा मुंजाजी वर्षातले निम्मे दिवस मेंढरांमागं रानोमाळ, मग हिनं कार्डांचा अभिमान बाळगला तर बिघडलं कुठं?

दसरा झाला की वस्तीतली निम्मी घरं ऊसतोडीला निघायची. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरायची. जाणाऱ्या बाया ट्रॅक्टरवर चढायच्या आधी आपलं एटीएम कार्ड साखराबाईच्या हातावर ठेवायच्या. घरच्यांना लागतील तसे काढून द्या काकू, एवढंच सांगणं. ना साक्षीदार, ना सही. जी माणसं आपली मेंढरं शेजाऱ्याच्या भरवशावर रानात सोडतात, ती एका कार्डाचा काय विचार करणार!

आता इतकी कार्डं सांभाळायची म्हणजे कुठलं कुणाचं हे कळायला हवं. सगळी एकाच बँकेची, सगळी निळी, आणि साखराबाईची अक्षरांशी ओळख नव्हती. आकडे तेवढे यायचे. पण ज्या बाईला शे-दोनशे मेंढरांतून आपलं मेंढरू ओळखता येतं तिला कार्डं कसली जड! प्रत्येक घराची मेंढरांवर घालायची खूण ठरलेली होती. मुंजाजीच्या मेंढरांवर तांबडा पट्टा, वत्सलाबाईच्या मेंढरांवर निळी फुली. साखराबाईनं मेंढरांचाच रंग घेतला आणि काडीनं कार्डांच्या कोपऱ्यावर त्या त्या घराची खूण घातली. उज्ज्वलाच्या कार्डावर दोन हिरवे टिपके पडले. तिच्या सासऱ्याच्या मेंढरांची ती खूण. मेंढरं कधीच विकली गेली होती, खूण तेवढी उरली होती.

राहिला पिन. बँकेतल्या माणसानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की हे चार आकडे गुपित ठेवायचे. गुपित ठेवायचं म्हणजे विसरायचं नाही, असा साखराबाईनं अर्थ लावला. आणि कधीच विसरणार नाही असे चार आकडे अख्ख्या वस्तीला एकच माहीत होते, ते म्हणजे सुंदररावांच्या जीपचा नंबर. सुंदरराव गावचे पुढारी, त्यांची जीप वस्तीची लालपरीच. बाळंतीण दवाखान्यात न्यायची ती त्याच जीपनं आणि नवरी सासरी धाडायची तीही त्याच जीपनं. तेव्हा ज्या ज्या बाईला कार्ड मिळालं तिला साखराबाईनं मशीनपुढं उभं करून तोच नंबर घालायला लावला. सगळ्यांना सोपं. शहाणपणा असा अंगावर उड्या मारत येतो तेव्हा त्याला आवरायला कुणी जवळ नसतं.

सगळ्या कार्डांत साखराबाई उज्ज्वलाच्या कार्डाला जास्त जपायची. उज्ज्वला आणि हनुमान हे शेजारचं जोडपं. लग्न झाल्यापासून दोघं कोयता घेऊन ऊस तोडायला जात होती. त्यांची लेक संस्कृती दर साली सहा महिने आजीपाशी राहायची. आजी छबुबाई, तिला डोळ्यांनी अंधुक दिसायचं. यंदा निघताना उज्ज्वलानं साखराबाईला ट्रॉलीच्या आडोशाला ओढलं होतं.

"काकू, ह्यात गिरणीचे पैशे हायत," ती म्हणाली होती. "पिठाची गिरणी घ्यायची. मालकाला बी पटलंय. एवढं साल गेलं की पुन्हा जायची न्हाई मी. संस्कृती आता रडत न्हाई बघा, नुसती बघत ऱ्हाती. लई भ्या वाटतंय मला तिचं."

साखराबाईनं ते कार्ड चंचीत सगळ्यात आत ठेवलं आणि चंची कंबरेला खोचली. पोरीचं रडणं थांबणं म्हणजे काय, हे तिला न सांगता कळत होतं.

पुढं थंडी पडल्यावर एक दिवस ती चौसाळ्याला गेली तेव्हा चौथा शनिवार होता. बँकेचं शटर खाली होतं, पण शेजारचं मशीन चालू होतं. मशीनच्या खोलीत गारवा होता आणि खाली चिठ्ठ्यांचा कचरा पडला होता. साखराबाईनं आधी आपले पैसे काढले, मग वत्सलाबाईचे. मेंढरं मोजताना ती एकेका पाठीवर काठी टेकवून आकडा मोठ्यानं बोलायची. तीच सवय बोटांना लागली होती. एकेक बटण दाबायचं आणि तो आकडा खणखणीत म्हणायचा, म्हणजे चूक होत नाही.

तिसरं कार्ड उज्ज्वलाचं. छबुबाईच्या बीपीच्या गोळ्या आणि संस्कृतीचा स्वेटर, एवढ्यापुरतेच पैसे हवे होते. मशीन कार्ड घेईना. साखराबाईनं दोनदा घातलं, दोनदा काढलं.

"मावशी, चिपला घाम लागला असेल," मागून आवाज आला. "द्या, पुसून देतो."

पाठीमागं एक पोरगेलासा माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट, अंगाला पावडरचा वास. चांगल्या घरचा दिसत होता. चोर हा चोरासारखा दिसतो, हा आपल्या सगळ्यांचाच समज, साखराबाईचा एकटीचा नव्हे. तिनं कार्ड दिलं. त्यानं ते पँटवर घासलं, फुंकर मारली, मशीनमध्ये घातलं आणि म्हणाला, "टाका पिन." साखराबाईनं आकडे दाबले. दाबताना म्हटलेही.

"मशीनच बंद पडलंय, मावशी. संध्याकाळी या," त्यानं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. वर दार उघडून धरलं. साखराबाईनं त्याला आशीर्वाद दिला.

मेडिकलच्या पायरीवर बसून तिनं कार्डं नीट लावायला चंची उघडली. तांबडा पट्टा, निळी फुली. उज्ज्वलाच्या कार्डावर मात्र टिपके नव्हते.

तिनं कार्ड उलटं करून बघितलं. पुन्हा सुलटं केलं. पदरानं पुसलं. पँटवर घासल्यानं रंग गेला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण हा रंग मेंढराच्या अंगावर चार महिने पावसात भिजतो तरी जात नाही, हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक? कार्ड निळं होतं, बँक तीच होती, पण हे मेंढरू आपल्या कळपातलं नव्हतं.

छातीत इतकं धडधडायला लागलं की मेडिकलवाल्याला ऐकू जाईल असं तिला वाटलं. मग ती पळाली. त्या वयाची, नऊवारीतली बाई हमरस्त्याच्या कडेनं पळताना बघून लोक थांबले. मशीनची खोली रिकामी होती. दार ढकललं तसा गारवा अंगावर आला आणि तिला हुडहुडी भरली. इस्त्रीचा शर्ट नाही, हेल्मेट नाही. रस्त्यावर मोटारसायकली मात्र ढिगानं, आणि निम्म्यांच्या डोक्यावर हेल्मेट.

"काय झालं, मावशी? काय हरवलं का?" पानटपरीवाल्यानं विचारलं.

त्यानं विचारलं चांगुलपणानंच. पण साखराबाई दचकून मागं सरली आणि तिनं चंची पोटाशी घट्ट धरली. मघाशी तोही असाच चांगुलपणानं बोलला होता. एका बाजूला मदत हवी होती, दुसऱ्या बाजूला मदत करणाऱ्या प्रत्येक माणसाची भीती वाटत होती. "काय न्हाई," ती म्हणाली आणि पुढं गेली.

बसथांब्याच्या ओट्यावर ती येऊन बसली. खरं तर बसायची ही वेळ नव्हती, पण भीतीनं माणूस एक तर पळतो, नाही तर दगड होतो. साखराबाई दगड झाली होती. पैसे जातील ही भीती तर होतीच, तिच्या पाठीवर दुसरी बसली होती. लोक काय म्हणतील? बँकवाली म्हणून मिरवत होती, खाल्ले बघा पोरीचे पैसे. हेल्मेटवाला, पावडरचा वास, कोण विश्वास ठेवणार? आणि कुणी ठेवला तरी उद्यापासून कार्ड कोण देणार?

मग तिच्या मनात आलं, की कुणाला सांगायचंच नाही. चुकून अदलाबदल झाली असेल. त्या बिचाऱ्याकडं उज्ज्वलाचं आलं असेल, आपल्याकडं त्याचं. सोमवारी बँक उघडेल, तो येईल, आपण जाऊ. असल्या वेळी मन किती गोड खोटं बोलतं! साखराबाई ते खोटं चघळत बसली आणि ऊन ओट्यावरून सरकत तिच्या पायांवर आलं. समोरून एक बाई लेकराला काखेत घेऊन गेली. लेकरू रडत नव्हतं, मागं वळून नुसतं बघत होतं. साखराबाईनं मान खाली घातली.

तेवढ्यात सुंदररावांची जीप येऊन थांबली. ड्रायव्हर गहिनीनाथनं हाक दिली, "काकू, चला, वस्तीकडंच निघालोय."

साखराबाई उठली आणि चढायला जीपच्या मागं गेली. फळीवर पिवळ्या रंगात, हातभर उंचीचे, चार आकडे रंगवलेले होते. तिनं ते हजारदा बघितले होते. आज बघितले आणि पायरीवर टेकलेला पाय तिनं खाली घेतला. बीड, केज, नांदूरघाट, जिथं जिथं ही जीप जाते तिथं तिथं वस्तीतल्या सगळ्या बायांचं गुपित फिरत होतं. लेकराबाळांनी वाचावं असं, ठळक आकड्यांत. कुलूप सगळ्यांनी लावलं होतं आणि किल्ली हिनं रस्त्यावर टांगली होती.

चूक एका कार्डाची नव्हती, हे तिला तेव्हा कळलं. आणि सोमवारपर्यंत थांबता येणार नाही, हेही. तिनं बटणाचा फोन काढला आणि सुनेला लावला. तेजश्री तिची सून. बारावी झालेली, तोंडानं फटकळ.

"तेजे, माझ्या हातून लई वाईट झालं," साखराबाई म्हणाली. जीपचं इंजिन घुरघुरत होतं, म्हणून ओरडून बोलावं लागत होतं. आत बसलेली माणसं गप्प होऊन ऐकायला लागली. "उज्ज्वलाचं कार्ड बदललं एकानं. मशीनपाशी. पिन बी ऐकला त्यानं."

एरवी तेजश्रीनं दोन शब्द सुनावले असते. आज नाही.

"किती येळ झाला, आत्या?"

साखराबाईनं ओट्यावरून सरकलेल्या उन्हाकडं बघितलं. "लई येळ झाला. मी... मी बसून ऱ्हायले हुते."

"ऱ्हाऊ द्या. आधी कार्ड बंद करू. माझ्या कार्डाच्या मागं बँकेचा फोन नंबर हाय, सगळ्यांचा तोच असतो. खात्याचा नंबर लागंल. पासबुक कुठंय?"

"छबुबाईच्या पेटीत."

"मंग त्यांना सांगावं लागंल. काय झालं ते सगळं."

फोन कानाला धरून साखराबाई उभी राहिली. आतली माणसं तिच्याकडं बघत होती. एवढा वेळ जो शब्द ती टाळत होती तो काही मोठा नव्हता.

"सांग," ती म्हणाली.

जीप निघाली. साखराबाई उज्ज्वलाला फोन लावत राहिली. रिंग जायची, जायची आणि तुटायची. कुठल्या कारखान्याच्या फडात असेल पोर, फोन पिशवीत असेल, पिशवी बांधावर असेल. शेजारची बाई म्हणाली, "पोलिसात जावा, काकू." समोरचा म्हातारा म्हणाला, "आता काय मिळतंय ते!" असली माणसं प्रत्येक जीपमध्ये एक तरी बसलेली असतात. गहिनीनाथनं मात्र काही न बोलता गाडी जोरात हाणली. प्रत्येक खड्ड्याला साखराबाईला वाटायचं, आत्ता, ह्या क्षणाला, तो मशीनपुढं उभा आहे आणि आपला नंबर दाबतोय.

वस्तीवर उतरली तेव्हा छबुबाई उंबऱ्यात बसली होती. पेटी बाहेर ओढलेली, उघडी. तेजश्री पासबुक हातात घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होती.

"बंद झालं कार्ड," तिनं सासूला बघताच सांगितलं. "आधी मशीनच बोलत हुतं, ह्यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. मंग एक बाई बोलली. कार्ड बंद केलं तिनं. पण किती गेले ते सांगत न्हाई. मी खातेदार न्हाई ना. म्हणली, उज्ज्वलाताईंनीच इचारायला पायजे. एकोणीसशे तीसवर, सायबरवाल्या पोलिसांकडं, तक्रार बी त्यांनीच करायची, आजच्या आज."

"गेले असतील का गं?"

"मला काय म्हाईत, आत्या."

साखराबाई छबुबाईच्या पायांपाशी जमिनीवर बसली. तिला वाटत होतं, म्हातारी शिव्या देईल. द्याव्यात, असंही वाटत होतं. छबुबाईनं अंधुक डोळ्यांनी तिचा चेहरा शोधला आणि विचारलं, "तुला तर काय केलं न्हाई ना त्या मेल्यानं? मारलं-बिरलं न्हाई ना?"

त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. संस्कृती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला काही सांगितलं नव्हतं, पण पोरांना सांगावं लागत नाही. ती रडत नव्हती. नुसती बघत होती.

फोन वाजला तेव्हा साखराबाईच्या हातून तो खालीच पडला. तेजश्रीनं उचलून तिच्या कानाला लावला.

"काकू, बोला," उज्ज्वलाचा आवाज आला. मागं ट्रक भरणाऱ्यांचा गलका होता. "गाडी भरत हुतो, फोन पिशवीत हुता. कितींदा लावलाव! समदं बरं हाय ना? काका बरे हायत ना?"

साखराबाईनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, ओट्यावर दगडासारखी बसून राहिले तेही सांगितलं.

"म्हंजी ते पैशे तुमी न्हाई काढले?" उज्ज्वलानं विचारलं.

"कोणते पैशे, पोरी?"

"मेसेज आले हुते, काकू. दुपारी भाकर खाताना एक आला, मंग लागोपाठ दोन आले. ह्यांना दाखवले मी."

"दुपारी? मंग तवाच फोन कावून केला न्हाईस गं? मेसेज बघून तुला काय वाटलं?"

"वाटलं, तुमालाच लागले असतील." उज्ज्वलाचा आवाज बारीक झाला. "काकांचं काय झालं का, मेंढरांवर रोग आला का, असं वाटलं. काकू उगं हात लावायच्या न्हाईत, लई नड असंल. आन् इचारायचं तरी कसं? तुमी आमच्या पोरीला बघता. तुमाला कसं इचारायचं, पैशे कावून काढले म्हणून? तुमाला काय वाटलं असतं?"

चोरानं कार्ड नेलं होतं. साखराबाईनं स्वतः ओट्यावर वेळ घालवला होता. आणि तिकडं ज्या पोरीच्या हातातल्या फोनवर पैसे जाताना दिसत होते, ती भाकरी खात गप्प बसली होती, कारण तिचा ह्या काकूवर विश्वास होता. एक शब्द विचारला असता तर पुढचे दोन मेसेज आलेच नसते. साखराबाईला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतकी भीतीही. आपण आपल्या मानाला एवढं जपलं, की त्याच्यापुढं तोंड उघडायची पोरीला चोरी झाली.

"इचारायचं, पोरी," ती शेवटी म्हणाली. "मलाबी इचारायचं. मलाच आधी इचारायचं."

उज्ज्वला रडायला लागली. रडता रडताच तिनं तेजश्री सांगेल तसा एकोणीसशे तीसला फोन लावला आणि तक्रार दिली. एका दिवसात जेवढे निघतात तेवढे निघाले होते. कार्ड बंद झालं नसतं तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारच होता. गिरणीचे बाकीचे पैसे खात्यात शिल्लक होते. गेलेले परत येतील का, हे कुणीच सांगेना.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर साखराबाईनं वस्तीत घरोघर जाऊन कार्डं परत केली. ज्या बाया ऊसतोडीला गेल्या होत्या त्यांना तेजश्रीच्या फोनवरून एकेकीला सांगितलं, की कार्ड तुझ्या पेटीत ठेवलंय, आता घरच्यांना पैसे त्यांच्या खात्यावर पाठव, ते आपलं आपण काढतील, आणि परत आलीस की आधी नंबर बदल. सोमवारी वस्तीतल्या बायांना घेऊन ती मशीनपाशी गेली. एकेकीनं आत जायचं, दार लावायचं, हातानं झाकून आपला नवा नंबर घालायचा, तोंडानं म्हणायचा नाही आणि कुणाला सांगायचा नाही. मला तर नाहीच नाही. ती स्वतः दाराबाहेर, रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. मोटारसायकल थांबली की हेल्मेट काढणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ती बघायची. एकानं विचारलं, "मावशी, काय मदत करू का?" ती त्याच्यावर अशी खेकसली की तो बिचारा पैसे न काढताच निघून गेला.

"आता तुला बँकवाली कोण म्हणंल?" वत्सलाबाईनं परत येताना चेष्टा केली.

"नगं म्हणू," साखराबाई म्हणाली. तिला हसू आलं नाही.

आठवडा झाला तरी तिची झोप उडालेलीच होती. फोन वाजला की ती घाबरायची. शेजारच्या अंगणात संस्कृती आजीचं बोट धरून न्हाणीकडं जायची तेव्हा ती आत निघून जायची. पुढच्या दसऱ्याला पोरीची आई पुन्हा ट्रॉलीवर चढली तर? ही एकच गोष्ट तिला दिवसभर खात होती. पोलिसांचं काय व्हायचं ते होवो, बँकेचं काय व्हायचं ते होवो. दसरा काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

मुंजाजी मेंढरं घेऊन वस्तीच्या रानात आला, त्या दिवशी ती हिरव्या रंगाचा डबा घेऊन मेंढरं कोंडलेल्या जाळीत शिरली. जाणत्या, अंगानं भरलेल्या मेंढ्या तिनं निवडल्या. पहिलीची मान धरायला नवऱ्याला सांगितलं आणि तिच्या पाठीवर दोन हिरवे टिपके ठेवले.

"अगं, ही आपली हाय," मुंजाजी म्हणाला. "पट्टा दिसत न्हाई का तुला?"

"दिसतोय."

मुंजाजीला वस्तीवर पाऊल ठेवताच सगळं कळलं होतं. तो तिच्याकडं बघत राहिला. ह्या मेंढ्या त्यानं कोकरं असल्यापासून खांद्यावरून वागवल्या होत्या. त्याच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते तिनं बघितलं, आणि तो नाही म्हणायच्या आत तिनं काडी पुन्हा रंगात बुडवली. मुंजाजी खाली वाकला, त्यानं दुसरी मेंढी ओढून आणली आणि तिची मान धरून उभा राहिला.

"टिपके जरा ठळक दे," तो म्हणाला.

व्यापारी आला, मेंढ्या गेल्या. छबुबाईकडून पासबुक मागून घेऊन साखराबाई आणि तेजश्री बँकेत गेल्या आणि उज्ज्वलाच्या खात्यात पैसे भरून आल्या. छबुबाईला सांगितलं नाही. उज्ज्वलालाही नाही. काही न बोलता भागलं तर बरं, असं साखराबाईला वाटत होतं. जुनी सवय, लगेच कुठली जायला!

त्या दिवशी ती घरी येऊन हातपाय धुते न धुते तोच फोन वाजला. उज्ज्वलाचं नाव तेजश्रीनं वाचून दाखवलं. आणखी काय झालं? कुणी नेले पुन्हा?

"काकू," उज्ज्वला म्हणाली. मग एका दमात बोलली, शाळेत पाठ म्हणावा तशी. "खात्यावर पैशे आल्याचा मेसेज आलाय. तुमी इचारायचं म्हणला हुतात म्हणून इचारती. कुणी टाकले? कुणाचे हायत?"

सवाल कानाला टोचला. त्यातच साखराबाईला कितीतरी दिवसांनी हलकंही वाटलं. पोरीनं विचारलं होतं.

"तुझेच हायत," ती म्हणाली. "तुझ्या मेंढ्या इकल्या."

"आमच्या?" उज्ज्वला गोंधळली. "काकू, आमच्याकडं कुठं मेंढ्या हायत?"

दाराच्या चौकटीपाशी संस्कृती येऊन उभी राहिली होती, नुसती बघत. साखराबाईनं तिला हातानं जवळ बोलावलं.

"हुत्या, पोरी," ती फोनवर म्हणाली. "कालपतूर हुत्या." आणि तिनं फोन संस्कृतीच्या कानाला लावला.